त्याच मतपत्रिका, तीन वेगळे विजेते: एका सदस्यसंस्थेने मतदानपद्धत बदलली त्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका व्यावसायिक सदस्यसंस्थेचे आहे. ओळख पटू नये म्हणून संस्थेचे नाव, व्यवसाय आणि काही तपशील गाळले असून उमेदवारांना अक्षरे दिली आहेत. मतदानपद्धतीचा फेरविचार करण्यासाठी नेमलेल्या पाच जणांच्या समितीचा मी चिटणीस होतो आणि पुढील निवडणुकीची मतमोजणीही माझ्याच देखरेखीखाली झाली. त्यामुळे खाली ज्या निर्णयांची चिकित्सा केली आहे, त्यांपैकी काही माझेच आहेत.

मतदानाचा हक्क असलेले सदस्य सुमारे अडीचशे होते. अध्यक्षाच्या निवडीबाबत पोटनियमांत एकच तरतूद होती: ज्या उमेदवाराला सर्वाधिक मते मिळतील तो निवडून आला असे जाहीर करावे. ही तरतूद अनेक वर्षे कोणाला खटकली नाही, कारण बहुतेक वेळा दोनच उमेदवार असत. दोघांतून एकाची निवड करायची असेल, तेव्हा ज्याला अधिक लोक पसंत करतात तो विजयी, यापलीकडे वाद उरत नाही आणि कोणतीही समंजस पद्धत घेतली तरी उत्तर तेच येते. मतदानपद्धतीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो तिसरा उमेदवार अर्ज भरतो तेव्हा.

तो प्रसंग सदस्यत्वाच्या वादातून आला. औपचारिक पदवी नसलेल्या, परंतु प्रदीर्घ अनुभव असलेल्या व्यावसायिकांना पूर्ण सदस्यत्व द्यावे की नाही, यावरून संस्थेत दोन तट पडले. ‘क’ यांचा या बदलाला विरोध होता. ‘ख’ आणि ‘ग’ हे दोघेही बदलाच्या बाजूने होते आणि दोघेही उभे राहिले. २११ वैध मतांपैकी क यांना ८४, ख यांना ६९ आणि ग यांना ५८ मते मिळाली. क निवडून आले. नियमानुसार त्यात काहीच गैर नव्हते.

समस्या

बदलाच्या बाजूने १२७ मते पडूनही बदलाला विरोध करणारा अध्यक्ष निवडून आला होता. ग यांनी आमची मते खाल्ली, असे ख यांचे समर्थक उघडपणे म्हणू लागले आणि ग यांचे समर्थक हाच आरोप ख यांच्यावर करू लागले. दोन्ही आरोप गणिताच्या दृष्टीने सारखेच खरे होते आणि माणसांच्या दृष्टीने सारखेच अन्यायाचे, कारण निवडणुकीला उभे राहणे हा कोणाचाही अपराध नव्हता. पुढच्या वर्षभरात दोन सभा गणसंख्येअभावी तहकूब झाल्या आणि अध्यक्षांचा प्रत्येक प्रस्ताव ‘चाळीस टक्क्यांचा प्रस्ताव’ म्हणून हिणवला जाऊ लागला.

क यांनी या काळात घेतलेली भूमिका नोंदवण्यासारखी आहे. पद्धत बदलल्यास त्यांचेच नुकसान होण्याची शक्यता होती. तरीही समिती नेमण्याचा ठराव त्यांनी स्वतः मांडला आणि समितीचा अहवाल पुढील निवडणुकीचे अर्ज मागवण्यापूर्वी स्वीकारला जावा, अशी अट घातली. उमेदवारांची नावे समोर आल्यावर पद्धतीची चर्चा ही पद्धतीची राहत नाही. प्रत्येक जण आपल्या माणसाच्या सोयीचे गणित मांडू लागतो. या साऱ्या प्रकरणात निर्विवादपणे योग्य ठरलेला हा एक निर्णय होता.

समितीपुढील पर्याय

पहिला पर्याय होता जुनी पद्धत तशीच ठेवण्याचा. ती सर्वांना समजते, मोजणी अर्ध्या तासात संपते आणि चुकीला फारसा वाव नसतो. परंतु मतदाराने दिलेल्या माहितीपैकी ती फक्त पहिले नाव पाहते. समान विचारांचे दोन उमेदवार उभे राहिले की मते विभागली जातात, म्हणून मतदार मनातल्या उमेदवाराला सोडून ‘निवडून येण्यासारख्या’ उमेदवाराकडे वळतो. तीन-चार उमेदवारांच्या निवडणुकीत ही पद्धत ठेवावी असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही.

दुसरा पर्याय दोन फेऱ्यांचा होता: कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान घ्यायचे. मतदाराला दुसऱ्या फेरीत शांतपणे पुनर्विचार करता येतो, हा याचा मोठा गुण आहे. मात्र पहिली फेरी ही शेवटी जुनीच पद्धत असते. फ्रान्सच्या २००२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत १६ उमेदवार होते. डाव्या मतांची इतकी विभागणी झाली की १६.१८ टक्के मते मिळवणारे पंतप्रधान लिओनेल जोस्पँ तिसऱ्या स्थानावर गेले आणि १६.८६ टक्के मतांवर जाँ-मारी ल पेन दुसऱ्या फेरीत पोहोचले. तेथे जाक शिराक ८२ टक्क्यांहून अधिक मतांनी निवडून आले, म्हणजे दुसऱ्या फेरीत खरी लढत उरलीच नव्हती. आमच्या बाबतीत खर्च आणि उपस्थिती हेही प्रश्न होते. एका मतदानालाच सदस्य जमवणे कठीण जात होते.

तिसरा पर्याय पसंतीक्रमाचा. मतदार उमेदवारांना १, २, ३ असे क्रम देतो. कोणालाही निम्म्याहून अधिक पहिल्या पसंती नसतील, तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. ऑस्ट्रेलियात प्रतिनिधिगृहासाठी ही पद्धत १९१८ पासून वापरात आहे आणि भारताच्या राष्ट्रपतींची निवडही पसंतीक्रमानेच होते. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत वराहगिरी व्यंकटगिरी पहिल्या पसंतीत पुढे होते, पण आवश्यक कोटा गाठू शकले नव्हते, सी. डी. देशमुख आणि इतर उमेदवार बाद होऊन त्यांच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंती मोजल्या गेल्या, तेव्हा ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा मतमूल्याने त्यांनी नीलम संजीव रेड्डी यांचा पराभव केला. या पद्धतीचा एक गुण समितीला फार मोलाचा वाटला: दुसरी पसंती ही पहिली पसंती बाद झाल्यावरच उघडली जाते, त्यामुळे दुसऱ्याला क्रमांक दिल्याने आपल्या पहिल्याचे नुकसान कधीच होत नाही.

चौथा पर्याय गुणांचा. फ्रेंच गणिती बोर्दा यांनी तो १७७० मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडला होता. तीन उमेदवार असतील तर पहिल्या पसंतीला दोन गुण, दुसऱ्या पसंतीला एक, तिसऱ्या पसंतीला शून्य. कागदावर ही पद्धत सर्वांत समतोल वाटते. परंतु तिच्यात प्रबळ प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाला टाकण्याचा मोह आहे, आणि एकाच गटाने दोन-तीन सारखे उमेदवार उभे केले तर त्या गटाचा फायदा होतो.

पाचवा पर्याय मान्यतेचा: जितके उमेदवार चालतील तितक्यांसमोर खूण करा, ज्याला सर्वाधिक खुणा तो विजयी. मतपत्रिका जवळजवळ जुनीच राहते आणि समान उमेदवारांत मते फुटत नाहीत. अमेरिकेतील फार्गो शहराने २०१८ मध्ये आणि सेंट लुइस शहराने २०२० मध्ये ती स्वीकारली होती. अडचण अशी की ‘चालेल’ या शब्दाची रेषा कुठे ओढायची हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. आपल्या आवडत्या उमेदवारासोबत दुसऱ्यालाही खूण केली तर तो दुसराच आवडत्याला हरवू शकतो, या भीतीने लोक एकच खूण करून थांबतात. आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ही पद्धत काही वर्षे वापरून २००२ मध्ये सोडून दिली. फारच थोडे सदस्य एकाहून अधिक खुणा करत होते, हे तिचे कारण होते.

सहावा पर्याय जोडीतुलनेचा, म्हणजे फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांच्या १७८५ च्या ग्रंथातील कल्पनेचा. मतपत्रिका पसंतीक्रमाचीच, पण मोजणी वेगळी: प्रत्येक दोन उमेदवारांची समोरासमोर लढत लावून पाहायची आणि जो प्रत्येकाला हरवतो त्याला निवडायचे. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीचा प्रकल्प आपला प्रमुख याच तत्त्वाच्या एका पद्धतीने निवडतो. काँदोर्से यांनीच दाखवलेली अडचण अशी की कधी कधी असा सर्वविजयी उमेदवार नसतोच. पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पहिल्याला. अशा चक्रासाठी आणखी एक नियम लागतो आणि तो सभेत समजावून सांगणे सोपे नसते.

निर्दोष पद्धत शोधण्यात वेळ घालवू नये, यावर आमचे सुरुवातीलाच एकमत झाले होते. तीन किंवा अधिक पर्याय असतील तर न्याय्य वाटणाऱ्या काही मोजक्या अटी एकाच वेळी पाळणारी पसंतीक्रमाची कोणतीही पद्धत असू शकत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले होते. आणि डावपेचाच्या मतदानाला अजिबात वाव न देणारी पद्धतही, हुकूमशाही सोडल्यास, अशक्य आहे, हे गिबार्ड आणि सॅटरथ्वेट यांनी १९७० च्या दशकात दाखवले. तेव्हा आपल्या संस्थेला कोणता दोष परवडेल, एवढेच ठरवणे आमच्या हाती होते. प्रश्न बरोबर मांडला होता. उत्तर देताना मात्र आम्ही घाई केली.

चाचणी मतदान

निर्णयापूर्वी एका सभेत वार्षिक परिषदेच्या विषयासाठी चार पर्याय ठेवून ६१ सदस्यांकडून चाचणी मतदान करून घेतले. हा खटाटोप अनाठायी आहे असे काहींना वाटले होते, पण इतकी उपयुक्त संध्याकाळ समितीच्या कामात दुसरी आली नाही.

सात मतपत्रिका बाद झाल्या. एकीवर चारही विषयांसमोर ‘१’ लिहिलेले होते. दोघांनी सर्वांत आवडत्या विषयाला ‘४’ दिले होते, कारण त्यांच्या मते मोठा आकडा म्हणजे मोठी पसंती. शाळेतल्या पहिल्या क्रमांकाची सवय असलेल्यांना ‘१’ म्हणजे सर्वोत्तम हे उघड वाटते, तर गुणांची सवय असलेल्यांना नेमके उलटे वाटते. यानंतर आम्ही मतपत्रिकेवर ‘क्रमांक’ हा शब्द काढून ‘पहिली पसंती’, ‘दुसरी पसंती’ असे रकाने छापले आणि खूण करण्याची चौकट दिली. प्रत्यक्ष निवडणुकीत २२८ पैकी केवळ पाच मतपत्रिका बाद झाल्या.

गुणांच्या पद्धतीने मोजणी होणार हे आधीच सांगितले होते, तेव्हा दोन प्रमुख विषयांच्या समर्थकांनी एकमेकांचा विषय चौथ्या क्रमांकावर टाकला. परिणामी, ज्या विषयात सभागृहातील कोणालाच रस नव्हता, तो गुणांत दुसरा आला. त्या रात्रीच आम्ही हा पर्याय सोडून दिला. मान्यतेच्या खुणाही घेतल्या होत्या. ६१ पैकी ३८ जणांनी एकच खूण केली होती. तोही पर्याय मागे पडला.

निर्णय

उरले पसंतीक्रम आणि जोडीतुलना. समितीतील एका सदस्याने जोडीतुलनेचा आग्रह धरला आणि अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन शहराचे उदाहरण दिले. तेथे २००९ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीत कर्ट राइट पुढे होते, पसंतीक्रमाच्या अखेरच्या फेरीत बॉब किस जिंकले, आणि मतपत्रिका तपासल्यावर असे दिसले की अँडी माँट्रोल यांनी या दोघांनाही समोरासमोर हरवले असते. पण पहिल्या पसंती कमी असल्याने ते आधीच बाद झाले होते. पुढच्याच वर्षी शहराने ही पद्धत रद्द केली. अलास्कात ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीतही निक बेगिच यांच्या बाबतीत हेच घडले, हेही त्यांनी सांगितले.

त्यावर मी असे म्हणालो की ही अपवादात्मक उदाहरणे आहेत आणि अपवादासाठी सर्वांना कठीण जाईल अशी पद्धत स्वीकारू नये. माझे म्हणणे चार विरुद्ध एक असे मान्य झाले. आज मागे पाहताना मला त्या युक्तिवादातील चूक स्पष्ट दिसते. अपवाद किती वेळा घडतो हे सर्व निवडणुकांच्या सरासरीवरून मोजण्याला फारसा अर्थ नव्हता. ज्या संस्थेत दोन कडवे तट आहेत आणि मध्ये एखादा समन्वयाचा उमेदवार उभा राहण्याचा संभव आहे, तेथे तो कितपत संभवतो, हे विचारायला हवे होते. आमची संस्था तशीच होती.

पोटनियमांची दुरुस्ती सर्वसाधारण सभेत दोन-तृतीयांश बहुमताने संमत झाली. त्यानंतर मी सदस्यांसाठी एक पानी पत्रक लिहिले. त्यात दोन विधाने ठळक अक्षरांत होती. पहिले: आता मते फुटण्याची भीती नाही, तेव्हा मनातल्या उमेदवाराला निर्धास्तपणे पहिली पसंती द्या. दुसरे: नवा अध्यक्ष निम्म्याहून अधिक सदस्यांच्या पाठिंब्याने निवडला जाईल.

निवडणूक आणि मोजणी

क आणि ख पुन्हा उभे राहिले. ग या वेळी रिंगणात नव्हते. तिसरा अर्ज ‘घ’ यांचा आला; अनुभवी व्यावसायिकांना आधी तीन वर्षे सहयोगी सदस्यत्व द्यावे आणि नंतर परीक्षेच्या आधारे पूर्ण सदस्यत्व द्यावे, अशी त्यांची मधली भूमिका होती.

मोजणीच्या टेबलावर तीन गठ्ठे पडले: क ८८, ख ७४, घ ६१. एकूण २२३. नियमाप्रमाणे घ बाद झाले. त्यांच्या गठ्ठ्याचे रबर काढून आम्ही एकेक मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाचू लागलो. ३६ ख यांच्याकडे गेल्या, १७ क यांच्याकडे, आणि आठ मतपत्रिका टेबलाच्या कडेला वेगळ्या राहिल्या, कारण त्यांवर दुसरी पसंतीच नव्हती. ख ११०, क १०५. दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी फेरमोजणी मागितली. आकडे तेच आले आणि ख यांच्या विजयाची घोषणा झाली.

घोषणापत्रावर सही करताना माझे लक्ष त्या आठ मतपत्रिकांकडे गेले. अखेरच्या फेरीत उरलेल्या २१५ मतांपैकी ११० म्हणजे ५१.२ टक्के, पण एकूण २२३ वैध मतांपैकी ११० म्हणजे ४९.३ टक्के. पत्रकातील दुसरे ठळक विधान खरे ठरले नव्हते. ऑस्ट्रेलियात प्रतिनिधिगृहासाठी सर्व उमेदवारांना क्रमांक देणे बंधनकारक असल्याने हा प्रश्न येत नाही. आम्ही मात्र ते ऐच्छिक ठेवले होते आणि तरीही वचन बंधनकारक पद्धतीचे दिले होते.

मतपत्रिकांचा तपशील जाहीर करावा का

क यांच्या बाजूने चार दिवसांनी लेखी मागणी आली की केवळ फेऱ्यांचे आकडे न देता सर्व पसंतीक्रम जाहीर करावेत. नियमांत याविषयी काहीच नव्हते. समितीत दोन मते होती. निकाल लागून गेला आहे, आता आणखी आकडे देणे म्हणजे नव्या वादाला आमंत्रण, असे एक मत. आणि जे मोजले ते सदस्यांचेच आहे, ते लपवले तर पद्धतीवरचा विश्वासच जाईल, असे दुसरे.

गुप्ततेचा मुद्दा आम्ही काळजीपूर्वक तपासला. उमेदवार दहा असते तर पसंतीचे ३६,२८,८०० वेगवेगळे क्रम संभवतात. अशा वेळी एखाद्या मतदाराला ठरावीक विचित्र क्रम लिहायला लावून, तो क्रम यादीत सापडतो का हे पाहून त्याचे मत ताडता येते. हा दबावाचा ज्ञात मार्ग आहे. तीन उमेदवारांत मात्र वैध मतपत्रिकांचे नऊच प्रकार होतात, म्हणून आम्ही प्रत्येक प्रकारची संख्या जाहीर केली:

क, घ, ख: ७१
क, ख, घ: ४
फक्त क: १३
ख, घ, क: ६६
ख, क, घ: ३
फक्त ख: ५
घ, ख, क: ३६
घ, क, ख: १७
फक्त घ: ८

संध्याकाळपर्यंत एका सदस्याने कागद-पेन्सिलने बेरजा करून त्या सर्वांना पाठवल्या. घ विरुद्ध क: १२७ विरुद्ध ९१. घ विरुद्ध ख: १३२ विरुद्ध ७८. म्हणजे सर्वांत आधी बाद झालेल्या उमेदवाराने उरलेल्या दोघांनाही मोठ्या फरकाने हरवले असते. जुन्या पद्धतीने क जिंकले असते, नव्या पद्धतीने ख जिंकले, आणि जोडीतुलनेने घ. गुणांनी मोजले तरी घ २५९, क १९६, ख १८८, असा क्रम लागत होता. मतदारांचे मन एकच होते, कागदही तेच होते.

दुसऱ्या दिवशी क यांचे एक ज्येष्ठ समर्थक मला भेटायला आले. त्यांच्या हातात माझे पत्रक होते आणि पहिल्या ठळक विधानाखाली पेनाने रेघ ओढलेली होती. त्यांनी आकडेमोड करून आणली होती: क यांच्या ८८ समर्थकांपैकी ७१ जणांना ख नको होते आणि घ चालले असते. त्यांतल्या १५ जणांनी जरी क ऐवजी घ यांना पहिली पसंती दिली असती, तरी क ७३ वर येऊन बाद झाले असते आणि पुढे घ सहज निवडून आले असते. मनातल्या माणसाला पहिली पसंती दिल्यामुळेच त्यांना नको असलेला माणूस मिळाला होता. ‘तुम्ही निर्धास्तपणे लिहा म्हणालात. मग मी खोटे मत द्यायला हवे होते का?’ असे त्यांनी विचारले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा प्रश्न मी त्यांच्या परवानगीने अहवालात शब्दशः घेतला.

परिणाम

निवडणूक रद्द करा, अशी मागणी काही दिवस जोरात होती. समितीने ती फेटाळली आणि माझ्या मते ते योग्यच झाले: खेळ संपल्यावर नियम बदलून विजेता बदलता येत नाही, आणि वेगळी पद्धत असती तर प्रचार आणि मतदानही वेगळे झाले असते, म्हणून जुन्या मतपत्रिकांवरून नव्या पद्धतीचा निकाल ठामपणे सांगता येत नाही. ख अध्यक्षपदी राहिले. १३२ विरुद्ध ७८ हा आकडा मात्र त्यांनी मनावर घेतला. सदस्यत्वाच्या प्रस्तावाचा मसुदा त्यांनी घ यांच्याकडेच सोपवला आणि टप्प्याटप्प्याची योजना पुढे मंजूर झाली. हे ख यांच्या समजूतदारपणाने घडले. पद्धतीने त्यांना तसे करायला भाग पाडले नव्हते, हे विसरता कामा नये.

विशेष सर्वसाधारण सभेत जुन्या पद्धतीकडे परतण्याचा ठराव नामंजूर झाला. दुसरा ठराव असा होता: पसंतीक्रमाच्या मतपत्रिकांतून आधी जोडीतुलना करावी, एखादा उमेदवार सर्वांना हरवत असेल तर तोच विजयी, आणि तसा कोणी नसेल तरच कमी मतांचा उमेदवार बाद करत जावे. त्याला १७८ पैकी १२१ मते पडली. दोन-तृतीयांशाची अट थोडक्यात पूर्ण झाली.

विरोधकांचे म्हणणे हलके नव्हते. घ यांना पहिल्या पसंतीची केवळ ६१ मते होती, म्हणजे २७ टक्के; ज्याच्याविषयी फार थोड्यांना उत्साह आहे त्याला अध्यक्ष का करावे? शिवाय नव्या नियमात दुसरी पसंती ही पहिलीला मारक ठरू शकते, त्यामुळे काही जण पुन्हा एकच पसंती लिहून थांबतील. मला स्वतःला असे वाटते की ज्या पदाचे मुख्य काम दोन तटांना एका सभेत बसवणे हे आहे, त्या पदासाठी बहुतेकांना चालणारा माणूस हा कमी प्रतीचा पर्याय नव्हे. कायदेमंडळातील जागेबद्दल मी हेच म्हणेन असे नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी चूक पत्रकाची होती, पद्धतीची नव्हे. पसंतीक्रमाने मते फुटणे कमी होते हे खरे; ते पूर्ण थांबते हे खोटे. तिसरा उमेदवार दुबळा असेल तोवर पहिली पसंती निर्धास्तपणे देता येते. तिघेही तुल्यबळ झाले की धोका सुरू होतो. ही दोन वाक्ये पत्रकात घालायला जागा होती. त्या ज्येष्ठ सदस्याला आधीच सांगितले असते, तर त्यांनी काय करायचे ते स्वतः ठरवले असते आणि निकाल तोच लागला असता तरी फसवणूक झाल्याची भावना राहिली नसती.

चाचणीचा विषयही चुकला. परिषदेच्या चार विषयांत दोन टोके आणि एक मध्य अशी रचना नव्हती, म्हणून नेमका जो दोष आमच्या वाट्याला येणार होता तो चाचणीत दिसूच शकला नाही. सदस्यत्वाच्या तीन प्रस्तावांवरच, उमेदवारांशिवाय, चाचणी घेतली असती तर मधला प्रस्ताव आधी बाद होताना सर्वांनी पाहिला असता.

मतपत्रिकांचा कोणता तपशील जाहीर होईल हे निकालापूर्वीच ठरलेले असायला हवे होते; नंतर ठरवल्यामुळे प्रत्येक बाजूला त्यात हेतू दिसला. आणि समसमान मतांचा नियम आम्ही केलाच नव्हता. तळाचे दोघे सारख्या मतांवर असते तर कोणाला बाद करायचे, हे मला टेबलावर उभे राहून ठरवावे लागले असते, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होते.

पुढची निवडणूक आणि कार्यकारिणी

नव्या नियमाखालील पुढच्या निवडणुकीत दोनच अर्ज आले, त्यामुळे तो नियम अद्याप कसोटीला लागलेला नाही. कार्यकारिणीच्या सात जागांचा प्रश्न मात्र तसाच आहे. तेथे प्रत्येक सदस्याला सात मते असतात आणि त्यामुळे थोड्याशा बहुमताचा तट साती जागा नेऊ शकतो. आयर्लंडचे कनिष्ठ सभागृह आणि भारताची राज्यसभा यांसाठी वापरली जाणारी एकल संक्रमणीय मताची पद्धत, म्हणजे अनेक जागांसाठीचा पसंतीक्रम, येथे सुचवण्यात आली आहे. २२३ मते आणि सात जागा असतील तर कोटा, म्हणजे एका जागेसाठी लागणारी मते, २८ मतांचा होतो, म्हणजे साधारण आठव्या हिश्श्याच्या गटालाही एक जागा मिळू शकते. मोजणी लांबते, जास्तीची मते अंशांत पुढे पाठवावी लागतात आणि ते हाताने करणे जिकिरीचे आहे. या पद्धतीची नमुना मतपत्रिका चाचणीसाठी छापून तयार आहे, आणि सोबतच्या पत्रकाचे अर्धे पान तिच्या उणिवांसाठी राखून ठेवले आहे.